शून्यापासून हवा

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णव सालची. त्या काळी घरात गाडी एक असे, ती चालवणारा एक असे आणि बाकीच्यांनी तो सांगेल तेव्हा तयार होऊन दारात उभं राहायचं असे. काकूंच्या घरात तो चालवणारा म्हणजे त्यांचे यजमान, काटेसाहेब. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानांतले तराजूकाटे तपासण्यात गेली, तेव्हा दुकानदारांनीच त्यांना हे नाव पाडलं होतं. ते निवृत्त झाले तशी दुकानदारांची सुटका झाली आणि घर तावडीत सापडलं.

काकूंची नव्वदीची आई शेजारच्या गावात, म्हाताऱ्या माणसांसाठीच्या एका निवासात राहायची. बसने जायचं तर मध्ये दोनदा उतरावं लागे, आणि पोचेपर्यंत भेटायची वेळ संपत आलेली असे. काटेसाहेब नेत नसत असं नाही. पण त्यांचं निघणं म्हणजे एक सोहळाच होता. पाणी, तेल, ब्रेक, आरसे, दिवे सगळं तपासून होईतो दुपार कलायची, मग ते हात पुसत म्हणायचे, "आता पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी त्यांना इंजिनाचा आवाज संशयास्पद वाटायचा. आई फोनवर विचारायची, "येतेस ना गं?" आणि काकू म्हणायच्या, "येते हं."

आई हल्ली माणसं विसरू लागली होती. ती आपल्यालाही विसरायच्या आत आपणच गाडी चालवत जायचं, असं काकूंनी मनाशी घेतलं आणि पन्नाशी उलटून गेल्यावर शिकाऊ परवाना काढला.

पहिल्या चाचणीत त्या नापास झाल्या. त्या वेळी काटेसाहेब गाडीचे मालक या नात्याने मागच्या सीटवर बसले होते. चौकात त्यांनी "क्लच, क्लच, अगं क्लच" असा जप लावला आणि काकूंनी घाबरून क्लच, ब्रेक, हॉर्न आणि वायपर हे सगळं एकदम लावलं. गाडी चौकाच्या मधोमध उभी राहून काचा पुसत बसली.

आता दुसरी तारीख मिळाली होती. ती हुकली तर शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काकूंची थांबायची तयारी होती. आईकडे तेवढा वेळ असेल, याची मात्र त्यांना खात्री नव्हती.

त्या सकाळी काकू इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा पुसून खाली आल्या, तर काटेसाहेब गाडीच्या पुढच्या चाकाशी पाट मांडून बसलेले. लांब राहणाऱ्या लेकीने त्यांना हवा भरायचं एक यंत्र पाठवलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. त्याची वायर गाडीतल्या लायटरच्या भोकात खुपसायची, नळी चाकाच्या व्हॉल्व्हला लावायची आणि बटण दाबायचं, झालं. पंपावर जायची गरज नाही.

"अहो, हे आत्ता?"

"तुझी परीक्षा आहे म्हणूनच आत्ता. पाच मिनिटांचं काम."

"चाकं तर काल बरी दिसत होती."

"दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. पंपावरचा काटा मी कधी तपासलाय का? तो तीस म्हणतो म्हणून आपण तीस मानायचं?"

काटेसाहेबांच्या शेजारी फडक्यावर हवा मोजायची आणखी दोन साधनं होती. एक पेनासारखं, खिशात बसणारं. दुसरं तबकडीचं, त्यांच्या खात्रीच्या माणसाकडून तपासून आणलेलं. यंत्रावरचा काटा धरून तीन. तिघांचं आपापसात पटत नव्हतं.

"हा अठ्ठावीस म्हणतो, हा एकतीस आणि हा मधलाच काहीतरी," काटेसाहेब म्हणाले. "आता एकच मार्ग."

"कुठला?"

"शून्यापासून सुरुवात. काटा शून्यावर येतो की नाही हे पाहिल्याशिवाय मी आयुष्यात कशाचं वजन मान्य केलेलं नाही."

असं म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह दाबून धरला. चाकातून लांबलचक सुस्कारा निघाला. काकू बघत राहिल्या आणि गाडीने त्यांच्यासमोर एक गुडघा टेकला.

"शून्य," काटेसाहेब समाधानाने म्हणाले. "तिन्ही काटे शून्य. आता भरू."

यंत्र सुरू झालं. पत्र्याच्या पेटीत खडे घालून कोणी हलवावे तसा आवाज. काकूंनी खोक्यावरचा कागद वाचला.

"अहो, यावर लिहिलंय, इंजिन चालू ठेवा."

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? इंजिन थरथरतं, मग काटा थरथरतो. थरथरत्या काट्यावर मी कधी सही केलेली नाही."

थोडी हवा गेली की काटेसाहेब यंत्र थांबवायचे, नळी सोडायचे आणि तिन्ही काटे लावून बघायचे. प्रत्येक काटा लावताना फुस्स करून थोडी हवा निघून जायची. जेवढी आत जाई त्यातली निम्मी मोजण्यात खर्ची पडे. काकूंनी हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "मोजल्याशिवाय कळणार कसं?" काकू घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. खड्यांचा आवाज हळूहळू मंदावला, मग कण्हू लागला, मग बंदच पडला. काटेसाहेबांनी गाडीत बसून सेल्फ मारला. गाडी नुसतं "टक" म्हणाली.

"बॅटरी बसली," काकू म्हणाल्या.

"विश्रांती घेतेय."

"चाक बदला. स्टेपनी लावा, आणि मग धक्का मारून चालू करू."

काटेसाहेबांनी फडक्यावरचे काटे ओळीत लावायला घेतले.

"स्टेपनीवर मी काल सराव केला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे ती शून्यावर आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठे बोलायचं नाही हे माणसाला कळतं. काकू सरळ तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दाराशी गेल्या. डॉक्टर दवाखान्यात जायलाच निघाले होते. भला माणूस. "त्यात काय काकू, माझ्या गाडीतून भरू," असं म्हणून त्यांनी आपली गाडी काढली. यंत्राची वायर आखूड, म्हणून गाडी तिरकी करत करत आणावी लागली, आणि शेवटी ती बरोबर फाटकाच्या तोंडात उभी राहिली. यंत्र पुन्हा खडे वाजवू लागलं.

"डॉक्टर, जरा इंजिन बंद करा," काटेसाहेब म्हणाले.

"बंद?"

"तुमचं इंजिन जास्तच थरथरतं. काटा स्थिर राहीना."

"अहो, नका हो ऐकू त्यांचं," काकू म्हणाल्या. पण डॉक्टरांना वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी इंजिन बंद केलं. त्यांची बॅटरी तर आमच्या काटेसाहेबांपेक्षाही जुनी होती म्हणायची. चाक बरंचसं फुगलं, काटेसाहेब नळी सोडून मोजायला बसले, आणि डॉक्टरांनी सेल्फ मारला तर त्यांची गाडीही "टक" म्हणाली.

"माझा पेशंट तोंड उघडून बसला असेल तिकडे," डॉक्टर हवालदिल होऊन म्हणाले.

एवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजू लागला. रोज सकाळी घरोघर पाव टाकणारा बेकरीवाला आपली व्हॅन घेऊन आला होता. त्याने खाली उतरून सगळा देखावा पाहिला.

"काय हे, गाड्यांचं लग्न लावताय काय?"

"धक्का मार रे बाबा," काकू म्हणाल्या. "मग विचार."

बाहेर उतार होता. बेकरीवाल्याने आपली व्हॅन मागे घेतली, मग तो, काकू आणि काटेसाहेब असे तिघे डॉक्टरांच्या गाडीला भिडले. उताराला लागताच गाडीने दोनचार उचक्या दिल्या आणि ती चालू झाली. आता ती बंद पडू द्यायची डॉक्टरांची छाती नव्हती. हात हलवून ते तसेच निघून गेले. हवेचं यंत्र त्यांच्या खिडकीतून वायरला लोंबकळत, साखळी बांधलेल्या कुत्र्यासारखं रस्त्यावरून उड्या मारत त्यांच्यामागे गेलं.

काटेसाहेब पाहत राहिले. "तेवीस पौंड झाले होते," ते म्हणाले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे टिपले, पुन्हा घातला, आणि समोर उभ्या असलेल्या व्हॅनकडे पाहिलं. बेकरीवाल्याने ते पाहणं पाहिलं.

"नाही हं काकू. तिथपर्यंत सोडतो हवं तर. पण चालवायला नाही. मी ही गाडी सख्ख्या भावालाही देत नाही."

"तुझ्या भावाला गाडी येते?"

"नाही."

"मला निम्मी येते. म्हणजे त्याच्यापेक्षा बरीच ना मी?"

बेकरीवाला यावर विचार करत होता तोवर काकूंनी आपल्या गाडीवरची शिकाऊची पाटी सोडून व्हॅनला बांधलीसुद्धा.

"मीही येणार," काटेसाहेब म्हणाले. "गाडी आपली नसली तरी परीक्षा आपली आहे."

पुढे दोनच जागा होत्या. काटेसाहेब मागे, पावाच्या ट्रेंमध्ये एक खोका पालथा घालून बसले. बेकरीवाल्याने बाहेरून कडी घातली आणि व्हॅन भरधाव सोडली.

चाचणीच्या मैदानावर पोचले तर काकूंचं नाव पुकारणं चाललेलं. बेकरीवाल्याने उडी मारून जागा रिकामी केली, काकू सरकून चाकामागे आल्या आणि चाचणी घेणारे साहेब शेजारी येऊन बसले. या गडबडीत मागच्या कडीची कोणालाच आठवण राहिली नाही.

"आज पावाची गाडी?" साहेबांनी विचारलं.

"आमची जरा गुडघ्यावर बसलीय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गिअर टाकला.

मागून "ठक" असा आवाज आला.

"काय वाजतंय मागे?"

"ट्रे असतील."

चौकापाशी "ठक ठक ठक" झालं. वळणावर नुसता ताशाच.

"फार वाजतात हो ट्रे."

"सवय होते," काकू म्हणाल्या.

पत्र्याच्या भिंतीतून शब्द येत नव्हते, नुसते ठोके येत होते, आणि ठोक्यांवरून क्लच म्हणायचंय की ब्रेक हे ओळखायला काकू बांधील नव्हत्या. गाडी शिकायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना इंजिनाचा आवाज नीट ऐकू आला. ते कुठे कुरकुरतंय, कुठे गिअर मागतंय हे कोणी न सांगता कळत होतं. शेवटी दोन खांबांच्या मधून गाडी मागे घ्यायची होती. व्हॅनला मागे काच नाही. काकूंनी दोन्ही बाजूंचे आरसे पाहिले, श्वास धरला आणि गाडी मागे सरकवली. ठोके वाढले, मग एकदम थांबले. काकूही थांबल्या.

साहेब उतरून मागे गेले. खांब पाहिले. मग त्या ट्रेंचा एकदा निकाल लावावा म्हणून त्यांनी कडी काढून दार उघडलं. आत काटेसाहेब, केसांपासून मिशीपर्यंत पिठाने पांढरे, मांडीवर पावांचा ट्रे सांभाळत बसले होते.

"हे कोण?"

"माझे यजमान," काकू म्हणाल्या.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काय वाजतंय ते विचारलंत. ट्रेच वाजत होते. हे वाजवत होते."

काटेसाहेबांनी घसा साफ केला. "डावीकडे वळताना हिने क्लच जरा..."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मागच्या खेपेचा चौक त्यांना आठवला असावा. त्यांनी दार हलकेच लोटलं, पुन्हा कडी घातली आणि काकूंकडे वळून म्हणाले, "पास."

त्या दिवशी अर्ध्या वस्तीला पाव उशिरा मिळाले, आणि ते कोणाच्या मांडीवरून आले हे बेकरीवाल्याने कोणाला सांगितलं नाही. पुढे त्याने स्वतःची बेकरी काढली आणि व्हॅनच्या मागच्या दाराला आतूनही कडी बसवून घेतली. दातांच्या डॉक्टरांनी ते यंत्र चेंदामेंदा झालेल्या अवस्थेत परत आणून दिलं. ही हकिगत ते पुढे कित्येक वर्षं पेशंटना सांगत. पेशंटच्या तोंडात बोळे असल्यामुळे कोणी अविश्वास दाखवत नसे. चाचणी घेणारे साहेब बढती मिळून दुसऱ्या गावी गेले, तिथे ते दार उघडून पाहिल्याशिवाय व्हॅनची चाचणी घेत नाहीत असं कानावर आलं. काटेसाहेबांची नजर पुढे अधू झाली आणि गाडी कायमची काकूंकडे आली. शेवटपर्यंत ते आल्यागेल्याला सांगत, "हिला मी शिकवली." काकू त्यांच्यापुढे चहा ठेवत.

आई मात्र आणखी दोन वर्षं होती. परवाना हातात आल्यावर पहिल्याच रविवारी काकू एकट्या गेल्या. आईला शेजारी बसवून तळ्यापर्यंत एक फेरी मारून आणली. आईने त्यांना ओळखलं का, हे सांगता येत नव्हतं. तिने वाटेत दोनदा विचारलं, "तुम्ही रोज येता का इकडे?" परत येऊन दोघी बाकावर बसल्या तेव्हा आईने हात पुढे केला आणि गाडीची किल्ली मागितली. काकूंनी दिली. आईने ती उलटसुलट करून पाहिली, मुठीत घट्ट धरली आणि मूठ पदराखाली लपवली.

उन्हं उतरली.

"आई, दे गं. मला निघायला हवं."

"राहू दे माझ्याकडे," आई म्हणाली. "तू फार लवकर निघतेस."