ग्रंथपालांच्या भिंतीवरची निळी रेघ

समुद्रापुढे सगळी माणसं सारखीच असतात. फक्त ज्यांना पुढची खोली भाड्याने द्यायची असते, ती जरा वेगळी असतात.

किनाऱ्यालगतच्या त्या गल्लीत असे वेगळे निवृत्त ग्रंथपाल एकटेच होते. समुद्र वर्षागणिक वर सरकतोय, वादळं वाढलीत, तेव्हा लोकांनी आधीच तयारीत असावं, असं नगरपालिकेने ठरवलं. मोठ्या वादळात पाणी कुठवर चढेल ते प्रत्येक भिंतीवर निळ्या रेघेने दाखवायचं होतं. इंजिनिअर खडूने खुणा करून गेला. समोरच्या शिंप्याचं जोतं उंच, त्याच्याकडे खूण घोट्याला आली, ग्रंथपालांकडे छातीला. आणि रविवारी दातांचे डॉक्टर दवाखान्यासाठी खोली बघायला येणार होते.

"छातीएवढं पाणी बघून कोण डॉक्टर टिकेल इथे?" ग्रंथपाल कुरकुरले.

"पेशंटला गुळण्या करायला बरं," त्यांच्या पत्नी, म्हणजे गल्लीच्या काकू, म्हणाल्या.

ग्रंथपालांना हसू आलं नाही. खोलीच्या भाड्यातून घराचं गळकं छप्पर दुरुस्त व्हायचं होतं. वरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त असा खालून येणाऱ्या पाण्यावर अडून बसला होता. त्यांनी ओल्या फडक्याने खूण पुसली आणि पायरीखाली नवी केली.

रंगारी आला, वाकला, म्हणाला, "काका, शेजारी कमरेला, तुमच्याकडे एकदम पायाशी?"

"आमचं घर उंचावर आहे."

रंगाऱ्याने गल्लीकडे पाहिलं. ती ग्रंथपालांच्या दाराशी येईपर्यंत उतरतच होती. "मला काय," तो म्हणाला, "रंग तेवढाच लागतो."

हे एवढ्यावर भागलं असतं. पण निवाऱ्यांचा नकाशा करताना इंजिनिअरने घरं पाहिली नाहीत, रेघा पाहिल्या. तीन दिवसांनी ग्रंथपालांच्या दारावर फलक ठोकला गेला : 'आपत्कालीन निवारा'.

"अहो, सांगून टाका की," काकू म्हणाल्या.

"सोमवारी सांगतो. डॉक्टर येऊन जाऊ देत."

नगरपालिकेने वादळाचा सराव नेमका रविवारी ठेवला. त्या दिवशी उधाणाची भरती होती. ती नेहमी गल्लीच्या तोंडाशीच थांबायची, पण तेवढीच वातावरणनिर्मिती. शिट्टी वाजली आणि अख्खी गल्ली गाद्या, गॅसच्या शेगड्या आणि एक फ्रिज घेऊन ग्रंथपालांकडे निघाली. वाटेतला उतार सगळ्यांना ठाऊक होता. तिथे रोज सायकलचा ब्रेक दाबावा लागायचा. पण सरकारी रंगापुढे ब्रेकचं कोण ऐकतो?

"काका, शिलाई मशीन कुठे ठेवू?" शिंप्याने विचारलं.

"तुझ्या घरी!"

"माझ्याकडे घोट्याएवढं पाणी येणार ना! तुम्ही नशीबवान हो."

तेवढ्यात दारात डॉक्टर उभे राहिले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"रोज एवढी गर्दी असते?" त्यांनी कुतूहलाने विचारलं.

ग्रंथपाल एक शेगडी ओलांडून पुढे आले. "आज जरा कमी आहे."

डॉक्टरांचे डोळे चमकले. "खुर्ची इथे बसेल," ते कोपऱ्यातल्या फ्रिजकडे बघत म्हणाले. "खोली मी घेतली समजा."

ग्रंथपालांना तीस पत्रे आणि दोन वासे डोळ्यांपुढे दिसू लागले. तेवढ्यात डॉक्टरांनी एक बूट उचलून पाहिला. मग दुसरा. दारातून पाणी येत होतं. घाई नाही, गडबड नाही, घरचा माणूस यावा तसं.

सगळे वाकून बघू लागले. सरावावर देखरेखीला आलेला इंजिनिअर तर पार गुडघ्यांवर बसला. "चमत्कारिक आहे," तो म्हणाला. "रेघ तर पायरीखाली आहे."

"पाण्याला वाचता येत नसेल," काकू म्हणाल्या.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आल्यावर ग्रंथपाल कॉटवर चढले आणि गाद्यांकडे पाहत म्हणाले, "खूण मी हलवली. शिंप्याकडे चला."

तोवर सगळ्यांचे हात फ्रिजला लागले होते. शिंप्याच्या घरात फरशी कोरडी होती आणि वारा छान येत होता. डॉक्टरांनी तिथे मोजे पिळले, चहा घेतला आणि पुढची खोली निरखून पाहिली.

पुढच्या आठवड्यात फलक समोर गेला. त्याच्या शेजारी दाताचं चित्र असलेली पाटी लागली. रंगारी पुन्हा आला आणि ग्रंथपालांच्या भिंतीवर छातीच्या उंचीला निळी रेघ मारून गेला.

रंग तेवढाच लागला.