चव्वेचाळीस नंबरची निवृत्ती

समाजाची उंची तो आपल्या वीरांना किती वर टांगतो यावरून ठरते. टेक्सासातल्या ड्राय फोर्क गावाने आपल्या वीरांच्या जर्स्या थेट स्टेडियमच्या छपराला टांगल्या आहेत. (गावात ग्रंथालयही होतं, तिथे आता स्कोअरबोर्डचा जनरेटर असतो.)

पद्धत साधी. शाळेच्या फुटबॉल संघात (पायाचा संबंध क्वचित) कुणी पराक्रम केला, की त्याचा नंबर सन्मानाने निवृत्त होतो. तो पुन्हा कुणी घालायचा नाही. सुरुवातीला त्यासाठी अजिंक्यपद लागे. पुढे साधा विजय पुरला, मग जिद्दीने हरणं, अखेरीस देणगीदाराचा पुतण्या असणं. नंबर मात्र नव्व्याण्णवच. यंदा दहा उरले, आणि मैदानात अकरा जण लागतात.

अकरावा होता टॅनर टिडवेल. साहजिकच गाव त्याच्या बापाकडे, रॉइसकडे, बघू लागलं. त्याचा चव्वेचाळीस वर लटकत होता. तीस वर्षांपूर्वी चेंडू रॉइसच्या हेल्मेटवर आपटून त्याच्याच हातात पडला, त्याचा तो सन्मान. (त्यानंतर रॉइसच्या आयुष्यात काही घडल्याची नोंद नाही.)

"डॅड, एकच मोसम द्या. धुऊन परत टांगतो."

"टॉवेल आहे का तो?"

"मग मी खेळू कसा?"

"माझ्यासारखा खेळ. नंबर आपोआप मिळेल."

"नंबर नसेल तर मैदानातच घेत नाहीत!"

"आमच्या वेळी असली कारणं नव्हती."

"दे की रे," डार्ला नवऱ्याला म्हणाली. "पोरगं उन्हाळाभर घाम गाळतंय. तू तर तो चेंडू बघितलाही नव्हतास."

हे रॉइसला लागलं. तो स्टेडियममध्ये गेला, शिडी चढला, जर्सीला हात घातला. टॅनरने चेंडू सोडला तर नंबराची नाचक्की होणार होती. आणि बघून झेलला तर?

रॉइस खाली उतरला.

संघ रद्द झाला. शुक्रवारचे सामने झाले नाहीत. तरी दर शुक्रवारी बँड वाजतो, प्रार्थना होते, हॉटडॉग संपतात, आणि रिकाम्या मैदानासमोर निवृत्त नंबर पुकारले जातात. चव्वेचाळीसला रॉइस उठून हात हलवतो. संघ यंदा अपराजित आहे. टॅनर बाहेर गाड्या लावून देतो.

हसू आलं असेल, तर आपला क्रिकेटचा निळा टी-शर्ट कपाटातून काढा. पाठीवर ज्याचा नंबर आहे, तो धावला होता. तुम्ही सोफ्यावरून "आपण जिंकलो" म्हणालात, आणि त्याआधी बॅट घेऊन टीव्हीसमोर आलेल्या आपल्या पोराला म्हणालात, "सरक, दिसत नाहीये."