शृंगराज मंडूकबहादर यांच्या मानमरातबाची आणि स्नानाची हकीकत

जी तळ्यात आहे आणि घामातही आहे त्या जलरूपिणी आदिमायेस वंदन करून, आणि डोळां देखिले तेच लिहितो, ऐकीव लिहीत नाही, इतके प्रथम बोलून आरंभ करितो. शके सोळाशे बारा, प्रमोदनाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमीचे दिवशी वर्तमान जाहले ते ऐसे की, सातासमुद्रापलीकडील एका राजाने आमचे महाराजांस नजराणा म्हणून दोन बेडूक पाठविले. बेडूक म्हणताच वाचणारास हसू येईल, त्याने ते आवरावे. आम्हीही हसलो, आणि मग भांड्यावरील झाकण काढिले, आणि हसू जागीच थिजले. एकेक बेडूक तळहाताएवढा गोल, रंगे हिरवा, अंगावर तांबूस डाग, डोळ्यांवर दोन शिंगे, आणि तोंड केवढे म्हणाल, तर जेवढी रुंदी तेवढे तोंडच, उरले ते पोट. भरली सभा दोन पावले मागे सरली आणि खुद्द महाराजांनी पाय वर घेतले. नजराणा घेऊन आलेल्या टोपीकराने दुभाष्याकरवी सांगितले की, यांस वेगवेगळे ठेवावे, डोळे वर राहतील इतके ओल्या मातीत रुतू द्यावे, आठा दिवसांत एकदोन वेळ खाऊ घालावे आणि उगाच हात लावू नये. इतके सांगून तो जहाजावर निघून गेला.

राज्यात निळोपंत म्हणून मानकारभारी होते. कोणी कोठे बसावे, कोणास किती विडे, कोणापुढे किती चोपदार, हे सर्व त्यांचे हाती. त्यांनी ओली माती पाहून कपाळास हात लाविला की, परराजाचा नजराणा चिखलात ठेविला तर आपली अब्रू चिखलात गेली. मग माती फेकून देवविली, आणि उभय बेडकांस एका मखमली गादीवर बंधूंप्रमाणे शेजारी बसविले, आणि वर छत्र धरिले, आणि दोहों बाजूंस पंखेवाले दिले, आणि एकास शृंगराज व दुसऱ्यास मंडूकबहादर असे किताब दिले. दुसरे दिवशी सकाळी पाहतात तो गादीवर एकच मूर्ती. दुसऱ्याचा पाय तेवढा पहिल्याच्या ओठाबाहेर होता, आणि पहिला डोळे मिटून स्वस्थ. राजकुळांत भाऊ भावास खातो हे लिहिण्यात आमची हयात गेली, पण इतक्या शांतपणे, सर्वांदेखत, आणि मागाहून शपथांवाचून, हे प्रथमच पाहिले. अंगास काटा आला तो दोन दिवस गेला नाही. निळोपंतांनी मात्र विचार करून निर्णय दिला की, दोघेही आता एकाच देही आहेत, सबब दोन्ही किताब एकासच लावावे. तेव्हापासून शृंगराज मंडूकबहादर हे नाव चालिले.

यानंतर गादीजवळ जावयास कोणी धजेना. तेव्हा वाड्यात मडकी पुरविणारी भिवरा कुंभारीण, वयाने पन्नाशीची, बोलण्यात रोखठोक, तिने सहज वाकून पाहिले आणि म्हणाली की, याला माती पाहिजे. महाराजांस तेवढेच पुरले. त्यांनी तिला बेडकाची राखण सांगितली. मग भिवरा रोज पाटीभर ओली माती घेऊन येई, आणि निळोपंत रोज ती दारातून परत लावीत. गांडुळे चारण्याची मुभा होती, गादी हलविण्याची नव्हती. तिने दोन वेळ अर्ज केला की, वाऱ्याने याचे अंग सुकते आहे. त्यावर निळोपंतांनी पंखेवाले दोनाचे चार केले, कारण उन्हाळा वाढला होता आणि मानही वाढवावयाचा होता. अधिकार पंतांकडे आणि जबाबदारी भिवरेकडे, हा न्याय आमच्या राज्यात जुनाच आहे.

वैशाखात शृंगराजांनी मागील पायांनी गादी उकरून कापसात बूड रुतविले आणि डोळे मिटले ते उघडीनात. अंगावर पिंपळाच्या वाळल्या पानासारखा कोरडा पापुद्रा चढला. खावयास घेईनात, टोचिले तरी हालेनात. राजवैद्य आले, नाडी कोठे पाहावी हे त्यांस कळेना, मग नाकापुढे आरसा धरिला, तो स्वच्छ राहिला. वैद्यांनी मान हालविली. वाड्यात हाहाकार जाहला. परराजास काय उत्तर द्यावे, म्हणून गुन्हेगार पाहिजे होता, आणि भिवरा समोरच उभी होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणास माहेरी यावयाची होती, तिने तेवढी मुदत मागितली, ती मिळाली नाही. बेडकास अग्नी दिल्यावर भिवरेचा कडेलोट करावा, असा हुकूम जाहला. तो कागद या लेखकाने आपल्या हाते लिहिला. अक्षर चांगले आले, हे लिहिताना आज लाज वाटते.

मग चंदनाची चिता रचिली, आणि शिंग फुंकिले, आणि मानकरी रांगेने उभे राहिले. तेथे निळोपंतांस आठवले की, अग्नीपूर्वी प्रेतास स्नान पाहिजे आणि ते भाऊबंदाने घालावे. भाऊबंद एकच होता, तो चैत्रातच पोटात गेला होता. तेव्हा हात बांधलेली भिवरा पुढे आली आणि महाराजांस म्हणाली, "आंघोळ म्या घालते. वाळल्याली माती मरत न्हाई, म्हाराज, भाजल्याली मरती. आधी पानी, मंग जाळ."

महाराजांनी तिचे हात सोडावयास सांगितले. तिने पंतांचे गुलाबपाणी परत केले, रांजणातील कालचे पाणी मागितले, काठवटीत चार बोटे ओतिले आणि बेडकास नाक वर राहील असे आत ठेविले. मग ती मांडी घालून बसली. एक घटका गेली. पंत म्हणाले की, मुहूर्त टळतो. ती म्हणाली की, माती भिजावयास वेळ लागतो. दुसरी घटका सरत आली तेव्हा पापुद्रा सुटून फुगला, आणि आत काही हलले, आणि एक डोळा उघडला. मी तो पाहिला. जवळ होतो. मग शृंगराजांनी पुढील दोन्ही हातांनी तो पापुद्रा डोक्यावरून ओढिला, आणि तोंडात घातला, आणि गिळिला. आपले कफन आपणच खाल्ले. शिंगवाल्याने शिंग टाकिले, खांदेकरी पळाले, वैद्यराज खाली बसले ते उठेनात. निळोपंत तेवढे मान सोडीनात. त्यांनी पुनर्जन्माचा पहिला विडा पुढे केला, आणि शृंगराजांनी विडा सोडून पंतांचा अंगठा अंगठीसकट धरिला.

पंत ओढू लागले. भिवरेने त्यांचे मनगट धरून सांगितले की, ओढू नका, हात पाण्यात बुडवा, मग तो सोडील. राज्याचे मानकारभारी कुंभारणीशेजारी ओणवे होऊन काठवटीत हात घालून बसले, आणि काही वेळाने अंगठा सुटला, सालपट गेले. महाराजांनी भिवरेस विचारिले की, काय मागतेस. तिने मागितले की, याचा मान तेवढा काढून घ्या. गादी, छत्र, किताब आणि पंखे ज्याचे काढून घेतले, आणि ती कृपा ठरली, ऐसा दुसरा आमच्या दफ्तरी नाही.

मग महाराज माझ्याकडे वळून बोलिले की, कडेलोटाचा कागद याच पाण्यात धुवून टाक. मी कागद काढिला आणि काठवटीवर वाकलो, तो भिवरेने माझा हात झटकला. "ह्या पान्यात न्हाई," ती म्हणाली. "ह्याचं अंगच पानी पितं. शाई भिनंल त्याला."

जिचा मृत्यू त्या शाईने लिहिला होता तिला त्या शाईची भीती बेडकासाठी वाटली. मी कागद घेऊन दूर हौदाच्या मोरीवर गेलो आणि धुतला. शाई गेली, मग हात धुतले, ते पुष्कळ वेळ धुतले.

हकीकत इतकीच. लेकीस ज्येष्ठात मुलगी जाहली, बेडूक भिवरेच्या अंगणात ओल्या मातीत डोळ्यांपर्यंत रुतून आहे, आणि पंत त्या वाटेने जात नाहीत. लेखनसीमा.