कोठीजवळचं वळण

कवडूजींना लग्नाला बोलवायचं तर मनाची तयारी ठेवूनच बोलवावं लागतं. अक्षता पडल्या, फोटोची रांग लागली की कवडूजी स्टेजवर चढतात, आहेराचं पाकीट नवरीच्या हातात देतात आणि शर्टाच्या खिशातून पत्र्याचे दोन छोटे आकडे काढतात. ते एकमेकांत अडकवून नवरदेवाच्या नाकासमोर धरतात आणि डावी-उजवीकडे हलवून दाखवतात. "पाहून घे बापू. जोड अशी पाह्यजे. ढील असावी, झोल नसावा." फोटोवाला ताटकळतो, मागचे पाहुणे चुळबुळ करतात. आमच्या मारेगावात अलीकडे झालेल्या बऱ्याच लग्नांच्या अल्बमात कवडूजी हे आकडे घेऊन उभे आहेत.

ते आकडे रेल्वेच्या डब्यांचे आहेत. म्हणजे दोन डबे जोडणारं कपलिंग. आता मारेगावला रेल्वे नाही, गाडी धरायची तर वणीला जावं लागतं. पण गावात एक लाईन आहे आणि ती कवडूजींच्या घरात आहे. स्वयंपाकघरातून निघते, भिंतीला ठोकलेल्या कमरेएवढ्या उंच फळीवरून मधल्या खोलीत येते, धान्याच्या कोठीजवळ वळते आणि दारातून ओसरीत पोचते. मी शेजारी राहतो, शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी गुरुजी आणि या लाईनीचा एकमेव नियमित प्रवासी. प्रवासी म्हणजे चहा पिणारा.

कारण ही गाडी चहाची आहे. कवडूजींनी जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम केलं. निवृत्त झाल्यावर काही दिवस बरे गेले, मग एकदा नागपूरला गेले आणि जुन्या बाजारातून हातभर लांबीचं खेळण्यातलं इंजिन घेऊन आले. डबे स्वतः पत्रा कापून केले. एका डब्यात एक कप मावतो. दोन पाहुणे आले तर दोन डबे, मागे सुपारीचा तिसरा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, चहा डब्यात ठेवायचा, खटका दाबायचा आणि गाडी सोडायची, अशी योजना. योजना झकास होती, पण गाडी कोठीजवळ आली की हमखास पडायची.

वळणच तसं होतं. कोठी आणि दाराची चौकट यांच्यामध्ये बोळीएवढी जागा, त्यात गाडीनं काटकोनात वळायचं. कपलिंग डब्याच्या बुडाला घट्ट बसवलेलं. इंजिन वळलं की मागच्या डब्याला ते आकड्यानं ओढून रुळाबाहेर काढायचं. चहा कोठीवर, कप खाली. कवडूजींनी कपलिंग कापलं, दांडी लांब केली आणि रिव्हेट मारून ती दोन्ही बाजूंना फिरती केली. डबा वळायला लागला. पण आता सुटतानाच असा झटका बसायचा की चहा स्वयंपाकघरातच सांडायचा. "हा झोल झाला," कवडूजी म्हणाले आणि पुन्हा कानस घेऊन बसले.

त्या दिवसांत त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. बसस्टँडवर भेटले तरी कपलिंग, दवाखान्याच्या रांगेत भेटले तरी कपलिंग. माझ्याकडे येऊन वर्गातली संपलेली बॉलपेनं मागून नेली, त्यातल्या स्प्रिंगा हव्या होत्या. गाव हसत होतं. सगळ्यांत जास्त तोंड काकूंचं चालायचं. मी फाटकाची कडी काढली की आतूनच त्यांचा आवाज यायचा, "आले वाटते गुरुजी. या, तुमच्या दोस्ताचा पोरखेळ पाहा." काकूंचे कान तिखट, जीभ त्याहून तिखट. चहा गाडीनं पोचला नाही की त्या स्वतः घेऊन यायच्या आणि येताना कोठीवर हात फिरवायच्या, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. मी एकदा लग्नाची पत्रिका वाचायला दिली तर म्हणाल्या, चष्मा मेला कुठं ठेवला काय माहीत, तुमीच वाचा.

मला एक गोष्ट समजत नव्हती. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती कोठी हातभर सरकवली तर वळण आपोआप मोठं होतं. हे मी कवडूजींना कितीदा तरी सांगितलं. कधी ते म्हणायचे कोठीत गहू आहे, कधी म्हणायचे फरशी खचेल, कधी म्हणायचे वास्तुशास्त्रात बसत नाही. वास्तुशास्त्राचं नाव त्यांच्या तोंडी मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

एका रविवारी काकू पलीकडच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. गाडी पुन्हा पडली, माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा उडाला. माझं डोकं फिरलं. मी बाह्या सारल्या, कोठीला खांदा लावला आणि म्हणालो की बोलत काय बसायचं, सरकवूनच टाकू.

"हात नका लावू जी."

कवडूजींचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. मी मागे झालो. ते कानस बाजूला ठेवून खाली बसले.

"तिले दिसत नाई गुरुजी. उजेड-अंधार तेवढा समजते. कोठीले हात लागला का वळाचं, मंग दोन पावलं अन् दार. असं तिचं घर हाये. कोठी सरकली त थे भिंतीवर जाईन."

मी कोठीकडे पाहत राहिलो. दोन वर्षं त्या बाईच्या हातचा चहा पितोय आणि मला पत्ता नाही. मला वाटायचं काकूंचे कान तिखट आहेत.

डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. काकू बहिणीसोबत डोळे दाखवून आल्या होत्या आणि नंबर वाढला एवढंच घरी सांगितलं होतं. कवडूजी मागाहून एकटेच जाऊन डॉक्टरांना भेटले. आता इलाज नाही, असं कळलं. त्यानंतर एक दिवस चहा आणताना काकूंचा हात पोळला. त्या म्हणाल्या कपाचा कानच ढिला आहे. कवडूजींनी मान डोलावली, तो कप फेकून दिला आणि दुसऱ्या दिवशी नागपूरची बस धरली.

"तिले वाटते मले माहीत नाई," ते म्हणाले. "मी चहा आणतो म्हटलं त तिले समजन ना. म्हून म्हटलं, आपणच पागल झालेलं बरं."

मी खाली बसलो आणि फळीवरून घरंगळलेली पेनाची स्प्रिंग शोधून त्यांच्या हातात दिली.

पुढच्याच आठवड्यात त्यांना जमलं. फिरत्या दांडीच्या दोन्ही अंगांना एकेक स्प्रिंग बसवली. वळणावर दांडी वळते, वळण संपलं की स्प्रिंग तिला मधोमध आणते आणि सुटताना झटका बसत नाही. मी ओसरीत बसलो होतो. आतून खटक्याचा आवाज आला, गाडी खुळखुळत मधल्या खोलीत आली, कोठीजवळ दबकली, वळली, दुसरा डबा वळला, सुपारीचाही वळला आणि दोन कप वाफेसकट माझ्यासमोर येऊन थांबले.

मागोमाग काकू आल्या. कोठीला हात लावला, वळल्या, दोन पावलं टाकून दारात उभ्या राहिल्या.

"पोचली का?"

"पोचली," कवडूजी म्हणाले.

"सांडला असन."

"थेंब नाई."

काकूंनी पदरानं हात पुसले. चेहऱ्यावर हसू होतं, पण जीभ कुठली गप्प बसायला. "म्हातारपणी कोणी असे धंदे करते काय? गुरुजी, तुमी तरी सांगा याईले."

मी कवडूजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून डब्याच्या आकड्यावरून बोट फिरवत होते. काकूंना खरं वाटावं म्हणून मी आवाज चढवला आणि म्हणालो, "कवडूजी, तुम्हाला खरंच काही काम उरलेलं नाही."

"नाई जी," कवडूजी म्हणाले आणि माझा कप अलगद उचलून माझ्या हातात दिला. "काहीच काम नाई."