औटी सरांचा दगड

वारूळवाडीपासून समुद्र लांब, मध्ये अख्खा सह्याद्री. तरी आमच्या शेजारच्या औटी सरांकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याआधी बार्नेकल दाखवले जायचे. कोकणातून आणलेला एक काळा दगड आणि त्याला चिकटलेली पांढरट, खरखरीत, वर भोक असलेली टेंगळं. "वळखा बघू," सर म्हणायचे. पाहुणा हमखास "शिंपले" म्हणून फसायचा.

"शिंपला न्हाई राव, खेकड्याचा भाऊबंद! लहानपणी पव्हतो, मग खडकाला डोकं चिकटवतो, भवती कवचाच्या पाट्या बांधतो, अन् जन्मभर पायानं घास वढतो."

हायस्कुलातून सर निवृत्त झाले होते, तास काही संपला नव्हता. त्यांच्या पत्नी, माई, गेल्यापासून तर तो वाढलाच. मी टोमॅटोच्या क्रेट भरत असलो की सर सांगत राहायचे: बार्नेकल जगभरच्या किनाऱ्यांवर, जहाजांच्या बुडाला, कासवांच्या पाठीवर, देवमाशाच्या अंगावरसुद्धा. एक आमचा जुन्नर तालुका तेवढा सुटला होता.

एका शनिवारी माझ्या आईनं, म्हणजे आक्कानं, त्या दगडाला तेल-शेंदूर लावून नारळ फोडला. दाराशी मांडलेला दगड, तिला दुसरं काय वाटणार! सर जुना टूथब्रश घेऊन घासत बसले.

"आक्का, पाट्या बुजल्या की सगळ्या! ह्यो देव न्हाई!"

"मग दाराशी कशापायी मांडलाय?"

सर पुन्हा टूथब्रशनं घासायला लागले. वर्गात त्यांनी प्रश्न असा कधी टाळला नसावा.

पुढं पुण्याहून सरांचा मुलगा सुमो घेऊन आला. "अण्णा, आता एकटं राहायचं नाही." सर हो म्हणाले, सामान चढलं. पण दगड मांडीवर घेऊन ते ओट्यावरच बसून राहिले.

"फ्लॅटमध्ये हा कुठं ठेवायचा?" मुलगा म्हणाला.

"तुझ्या आईनं उचलला व्हता. साडी भिजली तरी सोडंना. म्हणली, आपल्या दाराशी ठिवू." मग सरांनी वर्गातला आवाज काढला. "ह्याचं पिल्लू समुद्रात लई हिंडतं. पण चिकटतं कुठं? आपल्यातलं कुणी बसलं व्हतं, तितंच. निस्तं रिकामं कवच उरलं असलं तरी."

मुलानं दाराकडे बघितलं. मग त्यानं सामान उतरवायला घेतलं. मीही हात लावला. डोळे इतके भरून आले होते, की ट्रंक माझ्याच पायावर आली.

पुढच्या शनिवारी आक्कानं शेंदूर नेला नाही. दगडावर नुसतं एक जास्वंदीचं फूल ठेवलं. सर शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी फूल जरासं सरकवलं, पाट्या दिसतील असं, आणि पुन्हा पेपर उघडला.