दोन तारांची एक तार

सिनिक्काने कॉफीच्या टेबलावर सगळ्यांदेखत निर्णय सांगितला, तेव्हा ताउनोच्या तोंडात वेलचीच्या पुल्लाचा, म्हणजे गोड पावाचा, घास होता, त्यामुळे त्याला विरोध करता आला नाही. घास नसता तरी त्याने केला नसता, हा भाग वेगळा.

"तुझी तळघरातली खोली मला जुन्या दप्तरांसाठी हवीय," नगरपालिकेची मुख्य अधिकारी असलेली सिनिक्का म्हणाली. "तू वर ये, रेइयोच्या शेजारी बस. माणसांत राहा जरा. बोलतच नाहीस कुणाशी."

ताउनोने घास गिळला. "आज दोन तारांचं काम आहे."

"ते कुणाला पत्ता न लागता झालं तर राहा खाली. पण नेट गेलं म्हणून एकाने जरी माझं दार वाजवलं ना, तर सोमवारी तुझं टेबल वर."

ताउनोचा जीव त्या तळघरात अडकलेला होता. खिडकी नाही, पंख्यांची अखंड घरघर, आणि कुणी फिरकत नाही. हामे प्रांतातल्या अबोल माणसाला आणखी काय हवं असतं? उलट रेइयो मूळचा साव्होचा, म्हणजे बोलका. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला त्याच्या सासूच्या दोन्ही गुडघ्यांची इत्थंभूत माहिती होती.

काम तसं किरकोळ होतं. सगळ्या कचेरीचे संगणक ज्या स्विचला जोडलेले होते, तो ताउनोच्या ताब्यात. शेजारचं थोराड यंत्र हिल्काचं. त्या एकाच लोखंडी पेटीत पाणीपुरवठ्यापासून शाळांच्या स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांचे सर्व्हर भाडेकरूंसारखे दाटीवाटीने राहत. हिल्का अंगणापलीकडे ग्रंथालयाच्या इमारतीत बसे आणि तिथूनच यंत्र सांभाळे. स्विच आणि यंत्र यांच्यामध्ये दोन तारा होत्या, आणि त्या दोन्ही मिळून आता एकच, असं संगणकावरून ठरवून द्यायचं होतं. अट एवढीच, की दोन्ही टोकांना ते सारखंच सांगितलेलं हवं, नाहीतर अर्ध्या लोकांचं नेट वाट चुकतं.

ताउनोने सकाळी हिल्काला निरोप पाठवला होता, "आज जोडतोय." तिचं उत्तर आलं होतं, "बरं." दोघांच्याही मते एवढी चर्चा पुष्कळ होती.

त्याने स्विचवर तारा जोडल्या आणि पाचच मिनिटांत रेइयो जिना उतरून आला.

"अरे ताउनो, अर्ध्या लोकांचं नेट चालतंय, अर्ध्यांचं बंद. माझं चालतंय, माझी काही तक्रार नाही. सिनिक्काकडे कुणाला जाऊ दिलं नाही मी. म्हटलं, आमचा ताउनो बघतोय."

"बघतोय," ताउनो म्हणाला.

हिल्काने तिच्या टोकाला तारा अजून वेगळ्याच ठेवलेल्या दिसत होत्या. आता फोन उचलून विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कामात असलेल्या बाईला फोन करायचा म्हणजे तिला त्रास. शिवाय आधी हवापाण्याचं काहीतरी बोलावं लागतं. त्यापेक्षा आपणच नमतं घ्यावं, असा उदार विचार करून त्याने स्विचवरची जोडणी सोडली.

रेइयो परत आला. "आता ज्यांचं बंद होतं त्यांचं सुरू झालंय, आणि ज्यांचं सुरू होतं त्यांचं बंद. माझंसुद्धा. पण मी खुर्ची बदलली. सगळेच बदलतायत. मजा चाललीय वर."

ताउनोने पुन्हा पाहिलं. हिल्काने मधल्या वेळात तिच्या बाजूने तारा जोडल्या होत्या. बिचारीने आपल्यासाठी एवढं केलं म्हणून त्याला भरून आलं आणि त्याने पुन्हा जोडणी केली. वर लोक पुन्हा जुन्या खुर्च्यांवर गेले. अंगणापलीकडे हिल्कानेही, ताउनोने आपल्यासाठी जोडणी सोडली हे पाहून, कृतज्ञतेने स्वतःची सोडून टाकली होती.

"आपण मूर्ख आहोत," ताउनो पंख्यांना म्हणाला. पंख्यांचं काही वेगळं मत नव्हतं.

शेवटी त्याने छातीवर दगड ठेवला आणि प्रत्यक्ष भेटायला निघाला. लिफ्टमध्ये त्याने वाक्याची तालीमही केली: "हिल्का, मी ताउनो." पण ग्रंथालयात हिल्काची खुर्ची रिकामी आणि पडद्यावर तिचं यंत्र उघडं. आलोच आहोत तर तिला कशाला ताप, असं म्हणून त्याने तिच्या टोकाच्या तारा स्वतःच जोडून टाकल्या आणि हलक्या मनाने परत निघाला.

अंगणाच्या मधोमध, बर्फात, समोरून हिल्का आली. तिच्या पायांत घरातल्या लोकरी सपाता होत्या. त्याच्याही.

"जिन्याने तुझ्या खोलीत गेले होते," ती म्हणाली. "नव्हतास."

"तुझ्या खोलीत होतो." मग त्याला शंका आली. "तू कशाला हात तर नाही ना लावलास?"

"स्विचवरची जोडणी सोडली. म्हटलं, तुला त्रास नको."

"मी तुझ्याकडची केली."

दोघंही बराच वेळ सपातांवरचा बर्फ झटकत राहिले.

"आता असं कर," हिल्का म्हणाली, "तू काहीच करू नकोस."

"आणि तू?"

"मी तुझ्या खोलीत जाऊन जोडते. तू इथून हलायचं नाहीस. शपथ घे."

ताउनोने शपथ घेतली. हिल्का वर येऊन दारातून हात हलवेपर्यंत तो बर्फात उभा राहिला. पायांची बोटं कळेनाशी झाली, पण वर सगळ्यांचं नेट सुरू झालं.

संध्याकाळी सिनिक्काने त्याला बोलावलं. ताउनोने मनातल्या मनात रेइयोच्या सासूला नमस्कार घातला.

"माझं दार कुणी वाजवलं नाही," सिनिक्का म्हणाली. "पण खिडकीतून मी सगळं पाहिलंय. तू अंगणात उभा राहून हिल्काशी बोलत होतास. चांगला वेळ. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगू, मला फार बरं वाटलं."

"म्हणजे खोली राहिली?"

"राहिली. हिल्काचं टेबलही तिथेच टाकते."

सोमवारपासून दोघं तळघरात समोरासमोर बसतात. ताउनोला आधी वाटलं होतं तेवढं ते वाईट नाही. पंखे घरघरतात आणि हिल्का पुल्लातला अर्धा तुकडा न विचारता त्याच्याकडे सरकवते. तेव्हापासून नेट एकदाही गेलेलं नाही. माणसं एकत्र बसली की काम सुधारतं, असं सिनिक्का बाहेरच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगते. खरं तर काही करायची वेळ आली की ताउनो हिल्काकडे बघतो, हिल्का ताउनोकडे बघते, आधी तू म्हणून दोघंही थांबतात, आणि मग कशालाही हात न लावता कॉफीला जातात.