काकूंची हरकत नव्हती

सदर प्रकरणात माझी कसलीही चूक नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. मी रुग्णालयाच्या आस्थापना विभागात सव्वीस वर्षं लिपिक आहे. माझ्या टेबलावरून एकही कागद जावक क्रमांक पडल्याशिवाय पुढे गेलेला नाही. आता लोक काय, काहीही बोलतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

तर, आमच्याकडे परिचारिकेची एक जागा भरायची होती. जाहिरात मीच लिहिली. नुकतीच पदवी घेतलेली मुलगी हवी आणि तिला दोन वर्षांचा अनुभव हवा. ज्यांच्याकडे अनुभव नसेल त्यांनी तो आधी कुठून तरी घेऊन यावा, इतकी साधी अपेक्षा होती. खाली एक टीप टाकली: प्रात्यक्षिकाचं साहित्य उमेदवारानं स्वतः आणावं. सगळं रामायण या टिपेनं घडवलं.

मुलाखतीच्या दिवशी एक मुलगी चाकाची खुर्ची ढकलत आली. चण बारीक, आवाज खणखणीत. खुर्चीत पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या एक बाई बसल्या होत्या, डोक्यावर टोपी, हात मांडीवर. बाई म्हणजे नर्सिंग कॉलेजातली सरावाची बाहुली. तिच्या रबरी दंडात सुया टोचून मुली इंजेक्शन द्यायला शिकतात. सगळ्या बॅचेस तिला ‘काकू’ म्हणत आणि युनिफॉर्मही त्यातल्याच कुणीतरी हौसेनं चढवलेला. या मुलीनं प्रात्यक्षिकासाठी कॉलेजच्या वहीत सही करून काकूंना आणलं होतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला माणशी एक टोकन द्यायचा हुकूम. त्यानं दोन डोकी मोजली, दोन टोकनं दिली. टोकनं दोन म्हणजे उमेदवार दोन. संगणक दुसऱ्या उमेदवाराची कागदपत्रं मागायला लागला, तेव्हा खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं कॉलेजचं पत्र मी जोडून टाकलं. त्यात लिहिलं होतं, ‘आमच्या संस्थेत अठरा वर्षं अखंड कार्यरत. एकही दिवस बंद नाही. आजवर कोणतीही तक्रार नाही.’ असं पत्र मला कुणी दिलं असतं तर मी आज अधीक्षक असतो.

ती बाहुली आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण दिसणं हे माझ्या कामाच्या यादीत येत नाही.

मुलीची ही नववी मुलाखत होती. आठ ठिकाणांहून ‘अनुभव घेऊन या’ म्हणून परत पाठवलेलं. हे जमलं नाही तर पुढच्या महिन्यापासून मामाच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. मामानं तिच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं. हे तिनं मला न विचारता सांगितलं आणि मी ते ऐकल्याची नोंद कुठेही केली नाही.

समितीत अधीक्षक साहेब आणि मेट्रन. मी टिपणं घ्यायला. मेट्रनबाईंचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. अनुभवाचे चाळीस गुण होते. मुलीला शून्य, काकूंना चाळीस. लेखी परीक्षेत मुलीनं वीसपैकी अठरा मिळवले. काकूंचा पेपर कोरा होता, पण त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही, हेही तितकंच खरं. मग तोंडी परीक्षा. एकटीनं चाळीस खाटा सांभाळशील का, असं साहेबांनी विचारलं. मुलगी म्हणाली, सांभाळीन, पण एका नर्सकडे एवढे रुग्ण देऊ नयेत असा नियम आहे. काकू काही बोलल्या नाहीत. लग्नानंतर नोकरी सोडणार का, या प्रश्नावर मुलीनं उलट विचारलं, हे तुम्ही डॉक्टरांनाही विचारता का? काकूंनी इथंही विलक्षण संयम दाखवला. साहेबांनी माझ्या कानात सांगितलं की अशी शालीनता आता राहिली नाही.

यादी लागली. काकू पहिल्या, मुलगी दुसरी.

ती तडक माझ्या टेबलाशी आली. डोळे भरलेले होते, पण आवाज तसाच.

“साहेब, ती बाहुली आहे हो.”

“हरकत लेखी द्या. सात दिवसांत.”

“तुम्ही नुसतं वळून बघा ना.”

“बघून काय होतंय? निवड झाली.”

तिनं लेखी हरकत दिली. नापास उमेदवाराची हरकत असूयेपोटी असते, असा शेरा मारून साहेबांनी ती निकाली काढली.

आता घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कॉलेज म्हणे, वहीत तुझी सही आहे, काकूंना परत आण. आम्ही म्हणालो, नियुक्त कर्मचारी लेखी राजीनाम्याशिवाय कुठेही जाऊ शकत नाही. बिचारी दोन्हीकडून कात्रीत सापडली. रोज सकाळी येऊन काकूंच्या शेजारी बसायची, कारण काकूंना कुणी पाडलं, फोडलं तर भरपाई हिच्या माथी.

आणि काकूंचा वॉर्ड म्हणजे चाळीस खाटा. पहिल्याच दिवशी आठ नंबरचं सलाइन संपलं. घंटा वाजली, पुन्हा वाजली. काकू शांत होत्या. पोरीला राहवेना, ती उठली आणि बाटली बदलून आली. मग अकरा नंबरला उलटी झाली. मग तीस नंबरवर एक आजोबा रडायला लागले, त्यांच्याशी बोलत बसली. संध्याकाळपर्यंत तिनं चाळीसही खाटा केल्या. काकूंनी खुर्ची सोडली नाही.

हे असं बेकायदेशीर किती दिवस चालू द्यायचं? मी एक पद निर्माण केलं: साहित्य-देखभाल मदतनीस, हंगामी. काम, काकूंची धूळ पुसणे व काकूंना जे जमणार नाही ते करणे. मामाला कळवलं की स्टूल तूर्तास राहू द्या. तिनं घरी नर्स झाले असं सांगितलं नाही. नोकरी लागली, एवढंच सांगितलं.

वॉर्ड असा चालायला लागला की बघत राहावं. वेळेवर गोळ्या, स्वच्छ चादरी. सलग चार वेळा काकू ‘महिन्याची उत्कृष्ट परिचारिका’ ठरल्या. जिन्यापाशी त्यांचा फोटो लागला. त्यात खुर्चीमागून मुलीचा एक कोपर दिसतो.

मध्यंतरी मला मूतखडा झाला आणि मी याच वॉर्डात पडलो. त्या कळा वैऱ्यालाही येऊ नयेत. मुलगी म्हणाली, साहेब, कळ आली की माझा हात दाबा. मी असा दाबला की तिच्या मनगटावर वळ उठले. घरी जाताना अभिप्रायाचा फॉर्म आला. त्यावर छापलेलं होतं, ‘परिचारिका: काकू’. मी पाचपैकी पाच गुण दिले, सही केली आणि मुलीच्या समोरच फॉर्म पेटीत टाकला. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षं भरली. मुलगी अनुभवाचा दाखला मागायला आली. काय सांगणार तिला? अनुभव काकूंच्या नावावर जमा होत होता. त्यांचा आता वीस वर्षांचा झाला होता. दाखल्यावर थेट वरिष्ठाची सही लागते, आणि तिच्या वरिष्ठ काकू. मी हात वर केले. पण तो मूतखडा आठवला आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यातून एक परिपत्रक काढून तिच्यापुढे ठेवलं. अधीक्षक साहेबांना कागदाला उत्तर द्यायची सवय नाही, म्हणून फार पूर्वी मीच ते जारी करवून घेतलं होतं: कोणत्याही कागदावर पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर संमती आहे असं समजावं.

पोरगी हुशार. दोनदा वाचलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मांडीवर अर्ज होता. ‘मी दोन वर्षं परिचारिकेचं काम केलं आहे. हरकत असल्यास कळवावे.’ पंधरा दिवस गेले. काकूंची हरकत नव्हती. मी दाखला दिला. मग दुसरा अर्ज आला: ‘आपण स्वेच्छानिवृत्ती घेत आहात. हरकत असल्यास कळवावे.’ तिसरा: ‘आपल्या जागी माझी नेमणूक व्हावी, अशी आपली इच्छा आहे.’ काकूंची कशालाच हरकत नव्हती. इतका समजूतदार वरिष्ठ मी पाहिला नाही.

निरोप समारंभ झाला. साहेब काकूंच्या मितभाषीपणावर अर्धा तास बोलले. मुलीनं काकूंना कॉलेजात पोचवलं, वहीतली सही खोडून आली आणि माझ्या टेबलावरच्या फोनवरून आईला म्हणाली, “आई, मी नर्स झाले गं.” मी फाईल उघडून खाली बघत बसलो.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पुढच्या महिन्यात अभिप्रायाचे फॉर्म आले, या वेळी तिच्या नावाचे. हात तेच, खाटा त्याच, गोळ्यांची वेळ तीच. गुण पाचपैकी दोन. एकानं लिहिलं होतं, ‘सिस्टर दमलेल्या दिसतात.’ दुसऱ्यानं, ‘दुपारी पाच मिनिटं खुर्चीत बसल्या, मी स्वतः पाहिलं.’ तिसऱ्याच्या नातेवाइकांनी, ‘ओरडू नका म्हणाल्या.’ आणि बहुतेकांनी शेवटी, ‘आधीच्या काकू किती छान होत्या!’

समिती बसली. लोकभावनेचा आदर करून हिला कमी करावं आणि काकूंना सन्मानानं परत बोलवावं, असा ठराव झाला. नियमाप्रमाणे मी जाहीर सूचना काढली: नागरिकांची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. आज चौदावा दिवस आहे. मुलगी सकाळपासून तीनदा माझ्याकडे डोकावून गेली. मामानं स्टूल पुसून ठेवल्याचं कळतं. माझ्या टेबलावर एकही पत्र आलेलं नाही.

सूचना आमच्याच फलकावर लावली होती. ती कुणी वाचत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. आपण इथवर वाचलंत, म्हणजे सूचना आपल्याला मिळाली, अशी नोंद मी घेतली आहे. उद्या पाच वाजेपर्यंत मी टेबलावर आहे.